अंतरपाट एक, कॅमेरे सहा: फोटोवाले आणि व्हिडिओवाले यांचं जुळावं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाचे फोटो तुमच्याकडे होते आणि व्हिडिओ घरच्यांनी दुसऱ्या टीमला दिला होता. मुहूर्ताला त्यांचा गिंबलवाला (चालताना हादरे न येऊ देणाऱ्या मोटरच्या दांड्यावर कॅमेरा लावलेला माणूस) थेट नवरा-नवरीच्या पुढ्यात गेला, त्यामुळे अंतरपाट दूर झाला त्या क्षणाच्या तुमच्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याची पाठ आली. तो म्हणतो, तुमच्या फ्लॅशमुळे त्याचं फुटेज गेलं. घरचे अल्बमचं सिलेक्शन बघून नाराज आहेत आणि पुढच्या महिन्यात त्याच टीमबरोबर तुमची आणखी एक ऑर्डर आहे. भांडायचं, सोडून द्यायचं, की यापुढे फोटो-व्हिडिओ दोन्ही स्वतःकडेच घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

तो माणूस मुद्दाम आडवा आला असेल असं मला वाटत नाही. तुम्हा दोघांना त्याच पाच सेकंदांत, त्याच जागेवरून, पण वेगळी गोष्ट हवी होती, आणि लोकांच्या हातात अक्षता पडेपर्यंत तुम्ही एकमेकांशी बोलला नव्हता. ही तक्रार स्टेजवर सुटत नाही. ती सुटते आठवडाभर आधीच्या एका फोनमध्ये. त्या फोनवर काय ठरवायचं आणि का, हेच पुढे लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कुणी किती ऐकेल हे ऑर्डर कुणामार्फत आली यावर ठरतं. फोटो आणि व्हिडिओ एकाच स्टुडिओचे असतील तर मुख्य माणूस सांगेल तसं सगळे वागतात. दोन्ही टीम घरच्यांनी वेगवेगळ्या बुक केल्या असतील तर कुणी कुणाचा साहेब नसतो, तिथे फक्त विनंती चालते. आणि आपल्याकडे फार वेळा दिसणारा तिसरा प्रकार म्हणजे मुलाकडचे आणि मुलीकडचे आपापला फोटोग्राफर आणि आपापला व्हिडिओवाला आणतात. तेव्हा स्टेजवर चार ते सहा कॅमेरे होतात आणि एका टीमशी बोलून भागत नाही.

आता समोरच्याचं काम समजून घ्या. फोटोला एक क्षण पुरतो. १/२०० सेकंद चांगलं मिळालं की तुमचं काम झालं, मग तुम्ही बाजूला होऊ शकता. व्हिडिओला सलग आठ-दहा सेकंद लागतात, आणि मध्ये कुणाचा खांदा आला तर अख्खा शॉट गेला. गिंबलवर बहुतेक जण २४ मिमी किंवा त्याच्या आसपासची वाइड लेन्स लावतात, कारण चालताना हादरे कमी दिसतात. वाइड लेन्सने चेहरा मोठा दिसायला हवा तर तीन-चार फुटांवर जावंच लागतं. म्हणजे तो पुढ्यात आला ते लेन्समुळे आला. तुम्ही ७०-२०० मिमीची लांब लेन्स लावून दहा-बारा फुटांवर उभे असाल तर त्याची पाठ तुमच्या फ्रेममध्ये येणारच. ट्रायपॉडवरच्या ट्रॅडिशनल, म्हणजे एका जागेवरून सगळे विधी सलग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचीही एक अडचण असते. कार्यालयात एलईडी स्क्रीन लावलेला असेल तर त्याचं चित्र थेट स्क्रीनवर जात असतं, मागच्या रांगेतली माणसं लग्न त्यावरच बघत असतात. त्याला "जरा सरक ना" म्हणून उपयोग नसतो. तो हलला की अख्ख्या हॉलचं चित्र हलतं.

अंतरपाटाच्या वेळचं जागांचं गणित नीट मांडतो, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. नवरा-नवरी समोरासमोर उभे, मध्ये अंतरपाट. हॉलच्या बाजूने बघितलं तर दोघांचे चेहरे फक्त एका बाजूने दिसतात आणि अंतरपाटाची फक्त कड दिसते. नवरीचा चेहरा हवा असेल तर नवऱ्याच्या बाजूला उभं राहावं लागतं, नवऱ्याचा हवा असेल तर नवरीच्या बाजूला. पण दोन कॅमेरे अगदी नवरा-नवरीच्या पाठीमागे समोरासमोर उभे राहिले तर दोघेही एकमेकांच्या फ्रेममध्ये येतात. त्यापेक्षा दोन्ही कॅमेरे हॉलच्या बाजूच्या कडेला, स्टेजच्या दोन कोपऱ्यांवर, साधारण ४५ अंशांत ठेवा. मग नवऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या फोटोवाल्याच्या फ्रेममध्ये मागे नवरीचा मामा आणि दिवा घेतलेली करवली येते, नवरीच्या बाजूच्या व्हिडिओवाल्याच्या फ्रेममध्ये मागे मुलाकडची मंडळी येते, आणि कॅमेरा कुणालाच दिसत नाही. मधली जागा, म्हणजे बरोबर समोर, ट्रायपॉडवाल्याची. ती त्याला देऊन टाका.

दोन्हीकडचे फोटोग्राफर असतील तर याच गणिताचा फायदा होतो. मुलीकडच्या फोटोग्राफरला नवरी हवी असते, म्हणून त्याने मुलाच्या बाजूच्या कोपऱ्यात उभं राहायचं. मुलाकडच्याने मुलीच्या बाजूला. "आपापल्या पार्टीच्या बाजूला उभं राहू" असं ठरवलं तर दोघांनाही आपल्या माणसाची पाठ मिळते, आणि हे दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

आता गिंबल. मी व्हिडिओवाल्यांना सुचवतो ते असं: मंगलाष्टका चालू असताना गिंबल खुशाल फिरवा. स्टेज, पाहुणे, मामा, अक्षता वाटणारी पोरं, आईचा चेहरा. शेवटचं 'तदेव लग्नं' सुरू झालं की गिंबल कोपऱ्यात आणा आणि थांबा. अंतरपाट दूर होणं, पहिली नजर, हार घालणं हे शॉट ८५ किंवा ५० लेन्स लावून मोनोपॉडवरून (एका पायाच्या स्टँडवरून) घ्या. दुसरा माणूस असेल तर तोच कॅमेरा आधीपासून तयार ठेवा. दोन्ही हार पडले की गिंबलवाला पुढे येईल आणि फोटोवाला गुडघ्यावर बसेल. हा क्रम आधी ठरलेला असला की दोघांचंही काही बुडत नाही. त्या क्षणाला गिंबल फिरवून फार काही मिळतही नाही, कारण अक्षता उडत असतात, वाजंत्री सुरू झालेली असते आणि पुढच्या रांगेतले पन्नास मोबाइल वर गेलेले असतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार हे गुरुजींना आधी विचारा. कुणी उत्तरेकडे ओढतात, कुणी वर उचलतात, कुणी खाली सोडतात. तो तुमच्याच बाजूला ओढला जाणार असेल तर धरणारा माणूस तुमच्या पुढ्यात येतो, तेव्हा दोन पावलं आधीच सरकून ठेवावी लागतात. गुरुजी काय म्हणाले ते व्हिडिओवाल्यालाही सांगा. आणि लेन्सला हूड (पुढची संरक्षक कड) असू द्या, अक्षतांचे ओले दाणे काचेला चिकटतात. गिंबलच्या मोटरजवळ तांदूळ अडकला तर तो ऐन वेळी थरथरायला लागतो, म्हणूनही त्याने कोपऱ्यात थांबलेलं बरं.

फ्लॅशच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं आहे. बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचा सेन्सर फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतो. फ्लॅश हजारांश सेकंदात संपतो, त्यामुळे फ्रेमचा एक पट्टा पांढरा होतो आणि उरलेला भाग आधीसारखाच राहतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्लॅशने एक-दोन फ्रेम जातात, त्या एडिटिंगमध्ये शेजारची फ्रेम टाकून झाकता येतात. पण तुम्ही सेकंदाला आठ फोटोंचा बर्स्ट फ्लॅशसह मारला तर झाकायला चांगल्या फ्रेम फारशा उरत नाहीत. स्लो मोशनमध्ये तो पट्टा लांबतो आणि जास्तच टोचतो. म्हणून माझा नियम असा: अंतरपाट, कन्यादान, मंगळसूत्र आणि पाठवणी यांत फ्लॅश नाही. एफ २.८, १/२००, आयएसओ १६०० ते ३२०० इतक्यात स्टेजवरच्या उजेडात काम भागतं, आजच्या कॅमेऱ्यांना ते जड नाही. ग्रुप फोटो आणि रिसेप्शनच्या रांगेत फ्लॅश बिनधास्त वापरा, तिथे व्हिडिओचं फारसं अडत नाही.

त्या बदल्यात व्हिडिओवाल्याकडून एक गोष्ट मागा, त्याच्या लाइटचा रंग. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तर उजेड पिवळा, जास्त तर निळसर. हॉलचे दिवे पिवळे, साधारण ३२०० केल्विन. त्याचा हातातला एलईडी ५६०० वर. वर डेकोरेशनवाल्याचे जांभळे-निळे पार लाइट. नवरीच्या अर्ध्या गालावर हळद, अर्ध्यावर निळा, आणि हे एडिटिंगच्या कुठल्याही तयार प्रीसेटने सरळ होत नाही. सगळ्यांचे लाइट एकाच केल्विनवर लावायचे, मी साधारण ४००० ते ४५०० सांगतो म्हणजे हॉलशी फार फटकत नाही. लाइट चेहऱ्यावर सरळ समोरून न टाकता कोपऱ्यातून, डोक्याच्या वर दोन फूट, थोडा खाली वाकवून. आणि दोघांनी मिळून डेकोरेशनवाल्याला सांगायचं की मुहूर्ताच्या पंधरा मिनिटांत रंगीत दिवे बंद आणि पांढरे चालू. एकट्याने सांगितलं तर तो ऐकेलच असं नाही. फोटो आणि व्हिडिओ दोघंही आले की सहसा ऐकतो.

फ्लॅश नसतानाही चित्रात जे आडवे पट्टे येतात, त्यांचं कारण वेगळंच असतं आणि त्यावरून विनाकारण एकमेकांना दोष दिला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. व्हिडिओ २५ किंवा ५० फ्रेमला, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं तर येतात. फोटोत हाच प्रकार सायलेंट, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमुळे होतो. एलईडी वॉलसमोर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, मेकॅनिकल वापरा, आणि तरीही पट्टे दिसले तर १/१०० वर उतरा. स्टेजवर पोहोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी एकेक टेस्ट शॉट घेऊन बघावा. व्हिडिओवाल्याला पट्टे दिसले तर तुम्हालाही दिसण्याची शक्यता असते.

सायलेंट शटरची गरज पडते ती आवाजासाठी. व्हिडिओवाल्याने गुरुजींच्या उपरण्याला किंवा नवऱ्याच्या शेरवानीला छोटा माइक लावलेला असतो. सप्तपदीत गुरुजी एकेका पावलाचा अर्थ सांगतात, कन्यादानात बापाचा आवाज कापतो, हायलाइटमध्ये, म्हणजे लग्नाच्या छोट्या फिल्ममध्ये, लोक तेच ऐकून रडतात. नेमकं तेव्हा तीन फुटांवरून "दादा इकडे बघा, हात जरा वर" ऐकू आलं तर तो भाग कापावा लागतो. विधी चालू असताना हाताच्या खुणेने काम करा. बसलेल्या माणसाला बघायला लावायचं असेल तर त्याच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभे राहा, तो आपोआप बघतो. आणि माइक कुणाच्या अंगावर आहे हे सकाळीच विचारून ठेवा. तो सतत चालू असतो, आपसातली बोलणीसुद्धा त्यात जातात.

वेळेची वाटणी सगळ्यात नाजूक. मेकअपला उशीर होतो, तो जवळजवळ प्रत्येक लग्नात होतो, आणि जोडीच्या फोटोंसाठी ठरलेला पाऊण तास वीस मिनिटांवर येतो. गोरज मुहूर्त असेल तर उजेडही जातो. अशा वेळी "आधी माझं" म्हणत दोघंही अर्धवट काम करतात. त्यापेक्षा एकच पोझ दोघांनी वापरायची. फोटोवाल्याने उभं करायचं, पाच-सहा फ्रेम घ्यायच्या, "थांबा" म्हणायचं, मग व्हिडिओवाल्याने त्याच जागी त्यांना हलवायचं: चार पावलं चाला, मुंडावळ्या सावरा, पदर नीट करा. तेवढ्यात फोटोवाला बाजूने लांब लेन्सवर सहज हालचालीतले फोटो घेतो. असं एका जागेला तीन मिनिटं लागतात, वीस मिनिटांत सहा जागा होतात. वेगवेगळं केलं तर तीन.

दागिने, शालू, हिरवा चुडा, पत्रिका यांचे फोटो एकदाच मांडायचे. फोटोवाला मांडेल आणि घेईल, मग न हलवता व्हिडिओवाला घेईल. कुटुंबाच्या ग्रुपच्या वेळी व्हिडिओने पाच सेकंद घेऊन निघून जावं आणि तो वेळ मांडव, रांगोळी, पंगतीसाठी वापरावा. तिथे त्याला कुणी अडवत नाही. मेकअपच्या खोलीत एका वेळी दोघंच, आणि कपडे बदलताना कुणीच नाही. त्यासाठी टीममधली मुलगी असेल तर तिने आत राहावं.

आता त्या फोनबद्दल. बुकिंग घेतानाच घरच्यांकडून दुसऱ्या टीमचा नंबर मागा. आठ-दहा दिवस आधी फोन करा आणि नेमकं विचारा: माणसं किती, कॅमेऱ्याची क्रेन आहे का, लाइव्ह स्क्रीन आहे का, गिंबल कोण चालवणार, स्टेजवर शेवटचा शब्द कुणाचा. क्रेन असेल तर ती फिरण्याची जागा बघून ठेवा, रिसेप्शनच्या रांगेवरून ती डोक्यापाशी फिरते. मग तुमच्या मागण्या तीनच ठेवा: अंतरपाटाच्या जागा, लाइटचा केल्विन, जोडीच्या फोटोंची वेळ. दहा मागण्या केल्या तर एकही लक्षात राहत नाही. बोलणं झालं की व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाका. लग्नाच्या दिवशी आलेला माणूस फोनवरचा असेलच असं नाही, सीझनमध्ये बदली माणूस येतो, आणि त्याला दाखवायला ते चार शब्द लागतात.

इतकं करूनही कुणी ऐकत नसेल तर? घरच्यांना मध्ये घालू नका, निदान स्टेजवर तरी नाही. मुलीच्या वडिलांच्या डोक्याला त्या दिवशी आणखी एक ताप नको. त्या टीमच्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन नेमकी विनंती करा: "'तदेव लग्नं' सुरू झाल्यापासून दोन हार पडेपर्यंत गिंबल कोपऱ्यात ठेवा, नंतर पूर्ण मध्य तुमचा, मी खाली बसतो." "तुम्ही सारखे आडवे येता" या वाक्याने काहीच मिळत नाही, कारण त्यात त्याने काय करायचं ते नाही. तरीही तो पुढे आलाच तर ७०-२०० सोडा, ३५ लावा, त्याच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यावर बसा. त्याच्या पुढे नाही, मागे नाही, शेजारी. टीममधला दुसरा माणूस स्टेजच्या मागून पाहुण्यांकडे तोंड करून ठेवा, तिथे गर्दी कमी असते आणि अक्षता उडतानाचा फोटो तिथूनच चांगला येतो. हार पुन्हा घालायला लावणं मला पटत नाही. दुसऱ्यांदा घातलेल्या हारात चेहरा वेगळाच येतो, आणि मोठी माणसंही नाराज होतात.

दोन्ही कामं स्वतःकडे घ्यावीत का? माणसं असतील तर घ्या, एकट्याच्या जिवावर नको. एकाच माणसाने दोन कॅमेरे गळ्यात घालून दोन्ही करायचं म्हटलं की मुहूर्ताला एक काहीतरी सुटतंच. फ्रीलान्सर घेणार असाल तर तीन गोष्टी लेखी ठेवा: पैसे कधी, डेटा कुणाकडे, आणि त्याने फोटो किंवा रील कधी टाकायचे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोच्या किंवा फिल्मच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून घरच्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या टीमला रॉ (कॅमेऱ्यातली मूळ) फाइल देऊ नका आणि मागूही नका. बुकिंगच्या कागदावर त्याची एक ओळ असली की पुढचा वाद वाचतो.

सध्याच्या तक्रारीवर एक उपाय आहे, तो आजच करा. गिंबलवाला पुढ्यात होता, म्हणजे फ्लॅशने गेलेल्या फ्रेम सोडल्या तर तो क्षण त्याच्याकडे स्वच्छ असणार. फोरके व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६० पिक्सेलची असते, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १२.८ बाय ७.२ इंच छापता येते. १२ बाय ३६ इंची अल्बममध्ये एका पानाच्या भागात ती चांगली बसते. शटर १/५० असल्यामुळे हलत्या हातांत थोडा धूसरपणा येईल, म्हणून हार उचलतानाची नाही, अंतरपाट गेल्यानंतर दोघं एकमेकांकडे बघत स्थिर असतात ती फ्रेम मागा. घरच्यांना विचारून त्या टीमला फोन करा, तीन-चार फ्रेम पीएनजी किंवा टिफमध्ये मागा, मोबाइलचा स्क्रीनशॉट नको. कलर ग्रेडिंग केलेली असेल तर ग्रेडिंगशिवायची मागा, म्हणजे तुमच्या फोटोंशी रंग जुळवता येईल. त्याच फोनमध्ये त्याला हायलाइटच्या पोस्टरसाठी तुमचे वीसेक फोटो देऊ करा, फ्लॅशचं त्याचं म्हणणं बरोबर होतं हे सांगा, आणि पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचे कोपरे तिथेच ठरवून घ्या.